मास्तरांची मूठ

४ मार्च

ती. बाबांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्याचं आईच्या पत्रातून कळलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही डॉक्टरांनाच व्यायाम शिकवून आलात, त्यामुळे मी काळजी सोडली आहे.

गिरणीतल्या तुमच्या जुन्या रंगखात्यामागे आमचं यंत्र चालू होऊन महिना उलटला. रंगाचं सांडपाणी दाबाने एका पातळ पडद्यातून जातं. रंग आणि मीठ अलीकडे अडतं, स्वच्छ पाणी पलीकडे येतं. आधीचे पडदे आम्ल, कॉस्टिक सोडा आणि क्लोरीनपुढे पंधरा दिवसांत नांगी टाकायचे. मी चार वर्षं खपून केलेला हा पडदा सगळं पचवतो.

तरी घोडं पेंड खातंयच. गेल्या महिन्यापासून हे पाणी पुन्हा रंगाच्या हौदात जातं आणि तेव्हापासून निळं कापड फिकट उतरतंय. सगळ्यांचं बोट माझ्या पडद्याकडे आहे. पंचवीस तारखेला मॅनेजर तो काढायला लावणार आणि सांडपाणी पूर्वीसारखं ओढ्यात जाणार. तुमचे शागीर्द रंगमास्तर माझ्याशी हूं की चूं करत नाहीत. काही सुचवाल का?

लोभ आहेच, तो गुडघ्याएवढा दुखरा नसावा.

आपली,
धाकटी

८ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गुडघा ठीक आहे. तुझी आई तिखटमीठ लावते.

तू पडद्याशेजारचं पाणी तपासतेस. कापड रंगतं हौदात. सकाळची पाळी सुरू होताना हौदाचं झाकण उघडून वास घे. मग मास्तरला विचार की तो त्यात काय टाकतो. साहेबिणीसारखं विचारू नकोस. चहा घेऊन जा.

प्रकृतीला जप आणि वेळेवर जेव, एवढंच मागणं.

तुझे,
बाबा

१३ मार्च

ती. बाबांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

वास आला. ब्लीचिंगचा!

पडद्यातून आलेल्या पाण्यात क्लोरीनचा मागमूस नाही आणि हौदात भरपूर आहे. चहाच्या दुसऱ्या कपाला मास्तर बोलले. एकदा वापरलेलं पाणी त्यांच्या लेखी उष्टं. म्हणून ते रोज सकाळी एक मूठ ब्लीचिंग पावडर टाकतात आणि लगेच रंग कालवतात. निळा रंग त्यानेच मरतो. उरलेला क्लोरीन सांडपाण्याबरोबर आमच्याकडे यायचा आणि पडद्याअलीकडेच अडायचा. जुना पडदा असता तर पंधरवड्यात फाटून बोंब झाली असती. माझा मुकाट सोसत राहिला, म्हणून मलाही पत्ता लागला नाही. माझ्याच कौतुकाच्या पडद्याने माझा घात केला म्हणायचा.

आता खरी अडचण. मास्तर म्हणाले, हा मोठ्या मास्तरांचा नियम आहे, बाहेरच्या पाण्यात एक मूठ टाकल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मोठे मास्तर म्हणजे तुम्ही. तिथे अजून तुमचं नाव घेताना आदराने कानाच्या पाळीला हात लावतात. मॅनेजरला द्यायच्या अहवालात कारण लिहिलं नाही तर पडदा जातो आणि लिहिलं तर तुमचं नाव येतं. नुसतं 'हाताळणीतील चूक' लिहू का? मग सगळं मास्तरांवर शेकेल. मला झोप लागत नाही, बाबा.

उत्तर लवकर द्यावं, रागावूनही चालेल.

आपली,
धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

माझं नाव लिही.

आमच्या वेळी पाणी ओढ्याचं, शेवाळलेलं असे. मूठ टाकली की हौद दोन दिवस उन्हात उघडा ठेवायचो. क्लोरीन उडून जाई, मग रंग. पुढे नळाचं पाणी आलं आणि मुठीची गरज संपली, पत्र्याची शेड झाली, हौदावर झाकण आलं. मूठ तेवढी मास्तरच्या लक्षात राहिली. उन्हात ठेवायचं कशासाठी, हे मी मास्तरला कधी सांगितलं नव्हतं. हाताखालच्या माणसाने ऐकावं, कारणं विचारू नयेत, असा माझा खाक्या होता. चूक मास्तरची नाही. त्यालाही आज पत्र टाकलं आहे.

तुलाही मी तसंच वागवलं. तू शाळेत असताना डबा घेऊन खात्यात यायचीस, हे असं का, ते तसं का, म्हणून भंडावून सोडायचीस आणि मी तुला घरी हाकलायचो. त्याचं फार वाईट वाटतं. इतकी वर्षं लिहायला जमलं नाही.

तुझा पडदा क्लोरीन सोसतो म्हणतेस. तो का फाटत नाही, ते मला काही केल्या समजत नाही. सवडीने सविस्तर लिही. मी पुन्हा पुन्हा विचारीन, हाकलू नकोस.

तुझे,
बाबा