चार वाजताचा खटका

मंगळवार, संध्याकाळ. विश्रामबाग.

घाईघाईत लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

माझ्या घरच्या टायपिंगच्या कामासाठी ह्यांनी गेल्या आठवड्यात टायमरचा बोर्ड बसवला. चार वाजले की खट् आवाज होतो आणि कॉम्प्युटर, प्रिंटर आपोआप चालू. आज आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, ओल्या फडक्यानं तोच बोर्ड पुसत होत्या. एक सॉकेट फुटलेलं. माझी नजर घड्याळाकडे गेली, चार वाजतच आले होते.

“आत्या, हात काढा!”

“आगं, बंदच हाय की ह्यो.”

मी त्यांना मागं ओढलं आणि खट्! फुटक्या सॉकेटमधून ठिणगी उडाली. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

मी घरात नसते तर? काल ह्याच वेळी मी बाजारात होते. तो खट् आवाज कानातून जातच नाही.

हे तासगावहून आले. आधी चिडले, “टायमर चांगला आहे गं!” मग ते ओलं फडकं पाहिलं आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. बोर्ड काढायला घेतला, पण स्क्रू फिरवायला हात चालेना. आत्यांनीच त्यांच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

“सर रं बाजूला. मला काय झालं न्हाई.”