कोऱ्या पाटीची ओळ

२ जुलै ८८, शनिवार
सकाळची शाळा. शिकवून घरी आले तर गल्लीतल्या बाया अंगणात सुपं घेऊन विड्या वळत बसलेल्या. रेडिओच्या फर्माईशीत आज आईचं गाणं लागलं! अर्धांगाचा झटका आल्यापासून आई धड बोलत नाही, पण रेडिओवर स्वतःचा आवाज ऐकला की ओठ हलतात, मग घटकाभर नीट बोलते. आज मला नावानं हाक मारली.
रेकॉर्डवरची सुई नेहमीच्या जागी उडाली आणि नेहमीसारखी ती गाळलेली ओळ बायांनी म्हटली. 'लेकीच्या गं हाती दिली कोरी पाटी.' शेजारची शेवंताआक्का सगळ्यांत मोठ्यानं. ती लेक मी, आणि नेमकी तीच ओळ आईच्या आवाजात मिळत नाही. घरची रेकॉर्ड पत्र्याच्या उन्हानं केव्हाच वाकली. आता काय ती रेडिओ स्टेशनवरचीच.

१६ जुलै, शनि.
निवेदक भलताच खुशीत. स्टेशनवर परदेशी मशीन आलंय म्हणे. चकचकीत छोटी तबकडी, सुई नाही, खरखर नाही. सिनेमाचं गाणं लावून दाखवलं. खरंच स्वच्छ.
शेवंताआक्का म्हणाली, "आता तुज्या आईचंबी असंच लागंल बघ. मदनं तुटायचं न्हाय." सगळ्यांनी मला फर्माईशीची कार्डं लिहायला लावली. प्रत्येकीचं एकच सांगणं, नव्या तबकडीवरच लावा म्हणून लिही. लिहिली. मलाही हवंच होतं की.

६ ऑगस्ट, शनि.
आमची कार्डं वाचली. निपाणीच्या भगिनींनी मागितलेलं गाणं नव्या तबकडीवर नाही, त्याऐवजी ऐका… आणि कसलंतरी प्रेमाचं गाणं. आई रेडिओकडे बघत राहिली. "माजं न्हाय?" एवढंच विचारलं.
संध्याकाळी दुसरी कार्डं लिहिली. जुनीच लावा, खरखरीसकट.

२४ ऑक्टोबर
चार महिने होत आले, गाणं नाही. आई दिवसाला दोन-तीन शब्द बोलते. शेवटी आज अण्णा, माझा थोरला भाऊ, कचेरीतून रजा काढून स्टेशनवर गेलता. साहेब माणूस चांगला, चहा दिला, मशीन दाखवलं. पण रेकॉर्डचं विचारल्यावर, "इल्ला री," नाही म्हणाला. जुन्या प्लेअरची सुई मोडली, नवी मागवायची नाही असं वरून आलंय. रेकॉर्डी गोणपाटात बांधून खालच्या खोलीत टाकल्या होत्या, पावसात तिथं गुडघाभर पाणी झालं. अण्णानं बघू द्या म्हटलं, तर वाकून चिकटलेला ढीग दाखवला.
अण्णा जेवला नाही. मी आईला काही सांगितलं नाही.

५ नोव्हें., शनि.
मनात आलं, रेकॉर्ड गेली तर गेली, आपणच म्हणू. बायांना गोळा केलं. सुरुवात कुणालाच येईना. पुढचंही नाही. सगळ्यांना येते ती एकच ओळ.
एवढी वर्षं ऐकून येत कसं नाही, असं विचारलं तर शेवंताआक्काला राग आला माझा. म्हणाली, "बाकीचं तुजी आई म्हनायची. ती म्हनताना आमी गप ऱ्हायचो. मदी तोंड घालाय आमी कोन?"
मी तर शिकलेली. पण गाणं लागलं की मी आईचे ओठ बघत बसायची. शब्द कुठं ऐकले? स्वतःचाच संताप येतो.

७ जाने. ८९, शनि.
रेडिओ लावायची सवय सुटत नाही. स्वच्छ गाणी चालली होती, बाया विड्या वळत होत्या. महिनाभर आईच्या तोंडून शब्द नव्हता. आणि आज मध्येच, रेडिओवर भलतंच चालू असताना, आईनं माझ्याकडे बघून म्हटलं, "लेकीच्या गं हाती…" सुरात म्हटलं.
बायांचे हात थांबले. शेवंताआक्कानं हळू आवाजात ओळ पुरी केली. मी रेडिओ बंद केला.
पुढची ओळ मी म्हणावी म्हणून आई माझ्याकडे बघत राहिली. मी तीच ओळ पुन्हा म्हटली. तिनं मान हलवली, ही नव्हे, पुढची.
दिवेलागण झाली. बाया गेल्या. आई अजून माझ्याकडेच बघतेय