वाढवलेला औंस

अप्पा, तुम्ही ज्या मापांना मूठमाती दिलीत ती इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये अजून नांदताहेत. दूध गॅलनवर, दाणे रत्तलावर, म्हणजे पाउंडावर, माणसाची उंची फुटांत. तुम्ही वजनमाप निरीक्षक. दशमान पद्धत आली तेव्हा दुकानादुकानांतून जुनी वजनं गोळा करून आणायचात. ऑफिसच्या मागच्या खोलीत शेर, पावशेर आणि रत्तलं भंगारात जायची वाट बघत पडलेली असायची आणि तुम्ही त्यांच्यासाठी हळहळायचात. स्वयंपाकघरात चहा घेताना आईला सांगायचात, "अगं, इंच म्हणजे जवाचे तीन दाणे, टोकाला टोक लावून. आणि सोन्याचा औंस किराण्याच्या औंसापेक्षा जड!" आई पोळी उलटत म्हणायची, "असेल. माझ्याकडे तोलायला सोनं कुठंय?" इंग्रजांनी पुढे आपला गॅलन बदलून मोठा केला, अमेरिकेनं मात्र त्यांचाच जुना धरून ठेवला. हे तुम्हाला सांगायला मजा आली असती. पण सध्या मला कशातच मजा येत नाही.

तुमची पणती वेळेच्या फार आधी जन्मली. दोन रत्तलंसुद्धा भरली नाही. काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी, पायाला वायर. बाळाच्या बापानं केव्हाच अंग काढून घेतलंय, त्यामुळे आम्ही मायलेकी दोघीच. लेकीला बाळंतपणानंतर ताप आला, म्हणून हॉस्पिटलवाले तिला बाळापाशी जाऊ देत नाहीत. नर्सचा फोन आला तरी ती तो माझ्याच हातात देते. म्हणून रोज मीच जाते आणि वजन घेऊन घरी येते. पेटीजवळच्या पाटीवर आकडा ग्रॅममध्ये लिहिलेला असतो. लेक इथेच जन्मलेली, तिला ग्रॅमचा काही अंदाजच येत नाही. मी दारातून आत येते न येते तोच विचारते, "आई, हाउ मच टुडे? ग्रॅम नको सांगू, औंसमध्ये सांग." तुमच्याकडून शिकलेला तोंडी हिशेब या वयात असा कामी येईल असं वाटलं नव्हतं.

लहानपणी एकदा मी धाकट्या भावाला तुमच्या ऑफिसातल्या तागडीत बसवलं होतं, आठवतं? तो खिदळतोय, मी दुसऱ्या पारड्यात वजनं रचतेय, आणि तुम्ही दारात. तुमचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. "जिवंत जीव तोलायचा नसतो," म्हणालात आणि त्याला उचलून छातीशी धरलंत. एरवी नवस, नजर यांची टिंगल करणारे तुम्ही! तेव्हा मला तुमचा राग आला होता. आता नर्स त्या एवढ्याशा जिवाला उचलून काट्यावर ठेवते तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पहिले काही दिवस वजन उतरतंच. पण आता ते वाढायला हवं होतं. परवा उतरलं. मी घरी येऊन सांगितलं, तेवढंच आहे. काल पुन्हा उतरलं. लेक दोन दिवस जेवली नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "एक औंस वाढली." ती रडली, हसली, "रियली? फुल औंस?" म्हणाली आणि ताटलीभर मऊ भात तूप घालून जेवली. जन्मभर तुम्ही काटा मारणाऱ्यांना धरलंत, पारड्याखाली चिकटवलेली चिंच खरवडून काढलीत. ती माणसं कमी देऊन जास्त सांगायची. मीही तेच करतेय अप्पा, तुमची मुलगी.

आज दुपारी पाटीवरचा आकडा आणखी उतरलेला बघून मी तशीच पार्किंगमध्ये गाडीत येऊन बसलेय, तिथूनच हे लिहितेय. तिचा ताप उतरलाय. उद्या तिला आत सोडणार आहेत. घरी ती न्हाऊन, केस विंचरून तयारीला लागली असेल. तिला वाटतंय, उद्या थोडं भरलेलं बाळ दिसणार. मी घरी जाऊन खरं सांगायला हवं, आणि गेला तासभर माझ्याच्याने किल्ली फिरवली जात नाही. हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तुम्ही असतात तर मला धरलं असतंत. कोणीतरी धरावं असं फार वाटतंय. आजचं वजन मी औंसांत केलेलंच नाही. मला भीती वाटते, अप्पा.