लाल टाक्याचा नमदा

सोनकुल कुरण,
६ जुलै २०१९

चि. बेगिमाय हिस मामाचे अ. आ.

दुधाची गाडी खाली निघालीय, म्हणून घाईत लिहितोय. इथं फोन लागत नाही, ठाऊकच आहे तुला. तोरू घोडी अजून लंगडते का? पट्टी रोज बदल, आळस नको.

इकडे अगदी निवांत. दरवर्षी या दिवसांत माझ्या तंबूपुढे घोड्यांची रांग लागते, यंदा नाल ठोकायला एकही घोडा आला नाही. शेजारच्या तंबूतला ओमुरझाक घोडे घेऊन पलीकडच्या कुरणावरच्या नालबंदाकडे गेला. जाताना म्हणाला, बाबा, हात थकले तुमचे, आता बसा घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमीस पीत. मी ठोकलेला जुना खिळा तोरूच्या मांसात गेला होता, असं तू सगळ्यांदेखत म्हणालीस ना! चाळीस वर्षं लोखंड ठोकतोय. तू म्हणतेस तर असेलही.

आणि तुझे ते खुराचे बूट? घोडी नाचायला लागली की नाही?

लोभ आहे, तुझ्याकडूनही असू दे.
तुझा मामा, इस्माईल

कोचकोर,
९ जुलै

आदरणीय मामांना बेगिमायचा सा. सलाम वि. वि.

तोरूला गाडीतून खाली आणलं, आता ती चालते. चारा खाते, मला चावते. मलाच घास जात नाही.

मामा, खिळ्याचं मी खोटं बोलले.

पाहुण्यांना घेऊन बारा दिवसांची दगडांची वाट, मध्येच नाल निघाला तर ठोकणार कोण, म्हणून मी बुटांचं मनावर घेतलं. चिकटवायचे रबरी नालही पाहिले, पण ओल्या खुराला ते धरत नाहीत. शेवटी पट्ट्यांचे बूट मागवले. माप मात्र मी, तुम्ही नाल काढून खूर तासायच्या आधीच, घेऊन ठेवलं होतं. तासल्यावर खूर लहान झाला आणि बूट आत डुगडुगायला लागला. बदलून घ्यायला वेळ नव्हता. आपल्याकडे काहीही सैल झालं की दाबलेल्या लोकरीचा नमदा कोंबतात, तसा मी कोंबला. चौथ्या दिवशी नदी उतरलो, नमदा भिजला, त्यात वाळू बसली आणि टाचेची कातडी सोलवटून निघाली.

तुमच्या कुरणावर पोचलो तेव्हा घोड्यांचे मालक, पाहुणे, सगळे भोवती उभे. या पोरीला धड बूट घालता येत नाही म्हणतील, वाटाड्याचं काम जाईल, या भीतीनं मी घाईघाईत पट्टी बांधली आणि तुमचं नाव घेतलं. तुम्ही समोरच होता. एक शब्द बोलला नाहीत. तेव्हापासून आरशात बघायची लाज वाटते हो.

लोभ ठेवा असं कोणत्या तोंडानं लिहू?
तुमची बेगिमाय

सोनकुल कुरण,
१२ जुलै

चि. बेगिमाय हिस अ. आ.

पत्र पोचलं. कुठला नमदा कोंबलास, ते तू लिहिलं नाहीस. मी लिहितो. तुझ्या मामीनं शिवून तुला दिलेल्या नमद्याच्या बैठकीचा कोपरा कापलास.

त्या संध्याकाळी तू चहा करायला गेलीस तेव्हा मी पट्टी सोडली होती. जखमेत लोकरीचा तुकडा होता, त्यावर लाल टाका. सत्तावीस वर्षं ज्या बाईचे टाके बघत बसलो, ते मला ओळखू येणार नाहीत? तुकडा खिशात घातला, जखम धुतली, पट्टी पुन्हा बांधली. राग आला होता, फार आला होता. पण आधी लाज वाटली. बुटांचं माप घ्यायला तू आधी माझ्याकडेच आली होतीस, आणि मी म्हणालो होतो, घोड्याला मोजे घालायचे तर शिंप्याकडे जा. माझ्या लोखंडाचा तोरा, दुसरं काय! मग ठरवलं, पोरगी स्वतः बोलेपर्यंत गप्प बसायचं. मागच्या पत्रात जरा टोचलं मात्र.

रविवारी ओमुरझाककडे सगळे कुमीस प्यायला जमतात. वर ये आणि मला लिहिलंस ते तिथं सगळ्यांसमोर सांग. काम गेलं तर जाईल. मी शेजारी बसेन, पण तुझ्या वतीनं बोलणार नाही.

सोबत दोन दोऱ्या पाठवतोय. तोरूच्या तासलेल्या खुरांचं माप त्याच संध्याकाळी घेऊन ठेवलं होतं. पहिली गाठ रुंदीची, दुसरी लांबीची. लांब दोरी डाव्या खुराची, तो थोडा मोठा आहे, दोन पायांना दोन मापाचे बूट घे. आत काही कोंबू नकोस. सैल वाटले तर मला हाक मार.

मामीचा तुकडा परत मिळणार नाही. लोभ मिळेल.
तुझा मामा, इस्माईल