साडेचार बोटं

प्रिय स्नेहल,

माझा नंबर तू ब्लॉक केलास, ठीकच केलंस. म्हणून हा कागद. सुचिताताई बेलापूरला ऑफिसला जाते, तीच पुढे खांदेश्वरला येऊन तुझ्या हातात देईल. फाडायचा तर फाड, पण सगळा वाचून फाड.

बाबा गेले. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात. तुर्भ्याहून कंपनीतून आले, बसले, पाणी मागितलं, आणि आई तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. तुला कळवायला हवं होतं. पण तेव्हाही माझा ताठा आडवा आला. यंदा आमच्याकडे कंदील नाही, फराळ नाही, वर्ष व्हायचंय. तरी परवा आई म्हणाली, "वसुबारसेला माळ्यावरची पेटी काढ. तुज्या बापाचा हात मना दे, फोटोच्या मागं ठेवीन. फोटोत तोंड हाय, हात नाय." मी हो म्हटलं आणि जिना उतरून सरळ खाडीच्या बाजूला चालत सुटलो.

तुला आठवतच असेल. बांबूच्या काड्या बाबा तासायचे, खळ आई शिजवायची, झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. आणि कंदिलाला शेपट्या म्हणून आमचे कागदी हात, प्रत्येकाचा पंजा आखून कापलेले. पतंगाचा कागद पातळ, म्हणून दोन-दोन हात पाठीला पाठ लावून चिकटवायचे, मधे दोरा. दिवाळी झाली की तळव्यावर साल लिहून पेटीत. ताई लहान होती तेव्हाचा तिचा हात पुरीएवढा आहे. बाबांनी मात्र कधी हात दिला नाही. प्रेस मशीनखाली गेलेलं ते बोट कागदावर यायला नको असायचं त्यांना. आम्हीही कधी मागितला नाही.

गेल्या दिवाळीला तू आलीस आणि काही माहीत नसल्यासारखा त्यांचा पंजा ओढून घेतलास. तुझ्या जर्नलच्या डावीकडच्या कोऱ्या पानावर ठेवलास, आणि अर्ध्या बोटापाशी जराही न अडखळता पेन्सिल फिरवलीस, मग त्याच मापाने हिरवा कागद कापलास. "पोरी, साडेचारच हायत, हिशेबात कमी धर," बाबा म्हणाले, तेव्हा आई तोंडाला पदर लावून किती हसली! मग मी तुझा लाल हात माझ्याला चिकटवायला घेतला, तर त्यांनी तो काढून घेतला. "लेकीचा हात आदी माज्या हाताला लाव. घरात आली का मंग तुज्या." चार दिवस तुझा लाल आणि त्यांचा हिरवा एकत्र हलत होते. माझा एकटाच वाऱ्यावर गरागरा फिरत होता. मला तेव्हा रागच आला होता, खरं सांगतो.

मग जानेवारीत मी कॅन्टीनमध्ये त्या पोराला मारलं. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफीच्या दोन ओळी लिहून दे. तू पेन पुढे केलंस. मी म्हटलं, तुझ्यासाठी मारलं, माफी कसली? तू म्हणालीस, "माझ्यासाठी नाही कुंदन. तुला हात उचलायला आवडतं." एसवाय तिथेच सुटलं. आणि तू.

पुढचं घरात कोणालाच माहीत नाही. तू फोन उचलेनास, त्या सकाळी मी पेटी उघडली. मला फक्त लाल रंग दिसत होता. तुझा हात चुरगळला, खाली जाऊन घंटागाडीत फेकला. गाडी वळताना कचऱ्यावर तो जरा उलगडला, आणि हिरवं दिसलं. पळालोसुद्धा नाही मी. म्हटलं, पुढच्या दिवाळीला नवा काढू, बाबा कुठे जातायत?

काल हिरवा कागद आणला. आठवून कापायला बसलो. बोट अंगठ्याशेजारचं, हे माहीत होतं. पण तुटलं होतं कुठून, वरच्या पेरातून की मधल्या? टोक सरळ होतं की तिरपं? वीस वर्षं त्या हाताने मला जेवायला वाढलं, दोनदा थोबाडीतही दिली. आणि मला आठवेना. मी कधी नीट बघितलंच नव्हतं. तू बघितलंस.

म्हणून लिहितोय. परत ये म्हणायचा हक्क मी राखलेला नाही. ते जर्नल तुझ्याकडे असेल तर ते एक पान ताईकडे दे. मोबाईलवर फोटो नको, हात मापात हवा. कापून झालं की पान तुझं तुला परत. रद्दीत गेलं असेल तर तसं सांग. आईला खरं काय ते मी वसुबारसेलाच सांगणार आहे, पान असो वा नसो. त्या वेळी मागितलेल्या दोन ओळी राहिल्यात माझ्याकडून. या पत्रातल्या तुला पटतील त्या दोन घे. पान आलंच, तर खळीत मोरचूद आठवणीने घालीन, आणि बाबांच्या हिरव्या हाताच्या पाठीला या वेळी माझा लावीन. तुझी जागा आहे ती, मला माहीत आहे. पण एकटा ठेवला तर तो फिरत राहील गं.

तुझाच, एवढं तरी राहू दे,
कुंदन