मंगळवार, दोन ते पाच

८ एप्रिल २०२५, मंगळवार
दुपारचे दोन वाजले, मशीन रिकामं. लॅबच्या कॅलेंडरवर तोच हिरवा चौकोन — स्वानंद, दोन ते पाच. जूनपर्यंतचे सगळे मंगळवार त्यानं एकदमच बुक करून ठेवले होते. माणूस जाऊन पाच आठवडे झाले, बुकिंग तसंच!

मेधा मॅडम म्हणाल्या, "गौतमी, काढून टाक ना ते. बाकीचे विद्यार्थी खोळंबलेत." एक बटण दाबायचं. हात जाईना.

१० एप्रिल
ग्लव्हबॉक्स म्हणजे बाहेरून हात घालून काम करायची हवाबंद पेटी; आत गॅसचा दाब वाढला की तिचे काळे रबरी हातमोजे फुगून बाहेर येतात. आठ वर्षं हेच काम करतेय, मला हे नवीन नाही. तरी आज सकाळी कुलूप उघडलं, आणि चारही हात बाहेर — ताठ, माझ्याकडे रोखलेले. उजवी जोडी स्वानंदची. तिथं उभं राहूनच तो काचेवर थर चढवायचा.

आत गेलेच नाही. कुणीतरी येईपर्यंत पायरीवर बसून राहिले.

११ एप्रिल
आई म्हणते, "लई वाळलीस. धड जेवत न्हाईस, बोलत न्हाईस. कुनी काय म्हनलं का तुला?"
कुणीच काही म्हणालेलं नाही. तेच तर!

१५ एप्रिल, मंगळवार
लिहूनच टाकते.

४ मार्चला एक वाजता मी त्याला फोन केला. "दोनपर्यंत आला नाहीस तर मशीन दुसऱ्याला देईन." तो भूगावच्या खोलीवर झोपून होता. "ताई, अंगात ताप आहे हो... बरं, येतो." मी म्हणाले, "ताप सगळ्यांनाच येतो."

हे शेवटचं बोलणं.

लॅबकडे येताना उतारावर त्याची गाडी टेम्पोवर गेली. अडीच वाजता मी चिडून मशीन दुसऱ्याला दिलंसुद्धा. तो गेल्याची बातमी चारला आली. तो त्या दिवशी का निघाला, हे मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२२ एप्रिल
त्याची आई आली होती, परभणीहून. नलिनीताई. पिशवीत लाडूंचा डबा, 'लॅबमधल्या मुलांना'. मॅडम बाहेरगावी, म्हणून लॅब मीच दाखवली.

त्याचा शेवटचा नमुना काढला. नखाएवढी काच. तारा जोडून वीज दिली — हिरवा उजेड.
"एवढंच?"
"एवढंच. पण चार वर्षं लागली त्याला."

मग ग्लव्हबॉक्सपाशी थांबल्या. "यात हात घालायचा का तो?" मी हो म्हणाले. त्यांनी तो बाहेर आलेला रबरी हात हातात घेतला. पंजा धरावा तसा, दोन्ही हातांनी. मला तिथं उभं राहवेना.

जाताना म्हणाल्या, "तुझं नाव काढायचा. ताई ओरडते, पण सगळी मशीनं तिच्याच जिवावर चालतात म्हणायचा."
तेव्हा सांगायला हवं होतं. लाडू घेतला!

२३ एप्रिल
लाडू खाववला नाही. टाकवलाही नाही.

२५ एप्रिल
आज नलिनीताईंना फोन करून सगळं सांगितलं. तापाचं, मशीनचं, मी काय बोलले तेही. त्यांनी ऐकून घेतलं. मग फोन बंद.

२९ एप्रिल, मंगळवार
चार दिवस झाले, काही नाही. फोन वाजला की आधी नाव बघते. पोलिसात गेल्या असतील? जाऊ देत. मॅडमनाही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्यात तुझा काय दोष?" किती पटकन म्हणाल्या!

३ मे
नलिनीताईंचा फोन आला. म्हणाल्या, "तू बोलावलंस म्हणून तो निघाला, खरंय. पण उतारावर त्याच्या कानाशी मी होते. ताप उतरला का विचारायला मीच फोन लावला. आई, गाडीवर आहे, म्हणाला. तरी मी बोलतच राहिले. हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही."

 फोन दोघींनीही ठेवला नाही.