उशिरा आलेलं हसू

दि. ६ जानेवारी

प्रिय सुसाट,
स.न.वि.वि.

परवा चहाला आपण सात जण जमलो, तेवढ्यात मी सगळ्यांची हजेरी घेतली. ढब्बू वाळून काडी झालाय आणि विमा विकतो. त्याच्याकडे बघून कुणालाही विमा काढावासा वाटेल. मॉनिटर अजून मॉनिटरच आहे, फक्त वर्ग जाऊन सोसायटी आली. वर्गातली ती रडूबाई दातांची डॉक्टर झाली आणि आता दुसऱ्यांना रडवते. तू मात्र कोपऱ्यात बसून नुसता हसत होतास.

आणि काल मॉनिटर सांगतो की मार्चातल्या मेळाव्याला तू येणार नाहीस. शाळा सोडून चाळीस वर्षं होताहेत. मी काठावर पास झालेला, पंपांच्या मोटारी दुरुस्त करत दुकानापर्यंत पोचलेला माणूस छाती काढून येणार. आणि गुरुजींचा शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायचास म्हणून ज्याला आम्ही सुसाट म्हणायचो, तो घरी बसणार? कारण कळव. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

माझी धाकटी बहीण तुझ्या घरात आहे, तेव्हा मेहुण्यावर रुसायचा हक्क तुला आहेच. मित्राला त्यातून वगळावं.

तुझा,
पाना

दि. १३ जानेवारी

प्रिय पाना,
स.न.वि.वि.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून इतकं वाईट आहे की बघून बरं वाटलं.

मेळाव्याचं म्हणशील तर गुडघा दुखतो, गर्दी सोसत नाही आणि सांगण्यासारखं काही नाही. लघुलेखक म्हणून कचेरीत लागलो, साहेब बदलत गेले, मी त्यांची वाक्यं लिहीत राहिलो. संपली गोष्ट.

एक बातमी तुला म्हणून सांगतो, घरी अजून बोललो नाही. एक तारखेला राजीनामा देतोय. निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत, ठाऊक आहे. पण हात थकले. कुणी चूक दाखवून घरी पाठवण्याआधी आपणच उठलेलं बरं. फोन करू नकोस, पत्रच लिही.

आहे तेवढा लोभ राहू दे.

तुझा,
सुसाट

दि. १७ जानेवारी

ती. दादास,
शि.सा.न.वि.वि.

तुला कळवायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगू कुणाला? यांचं माझ्यावरून मन उडालंय. स्वयंपाकघरातून मी दहा गोष्टी सांगते, एकीचंही उत्तर येत नाही. समोर जाऊन उभी राहिले की मात्र गोड बोलतात. रविवारी वैतागून म्हटलं की मी कायमची दादाकडे निघून जाते, तर यांनी पेपरातून मान वर केली नाही. भांडण असतं तर भांडून मोकळी झाले असते रे. शेजारी राहून माणूस असा परका झाला, की काय करायचं?

तू माझा भाऊ आहेस, पण त्यांच्या बाकावर बसलेलाही आहेस. मनात काय आहे ते काढून घे. मी लिहिलं हे मात्र बोलू नकोस. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

दि. २१ जानेवारी

प्रिय सुसाट,
स.न.वि.वि.

हात थकल्याचं मला सांगू नकोस. तुझी ओळ अजून पट्टीनं मारल्यासारखी सरळ जाते. थकलाय तो कान.

त्या दिवशी ढब्बूच्या प्रत्येक विनोदाला तू हसलास, पण आमची तोंडं बघून, सगळ्यांच्या मागून. पट्टा ढिला झाला की मोटार आधी फिरते आणि पंप मागून येतो, तसं. तेव्हा मला वाटलं, साहेबी वळण असेल. राजीनाम्याचं वाचलं आणि डोक्यात उजेड पडला.

आता माझं ऐक, म्हणजे वाच. बाजारात माझं नाव कानावर चालतं. मोटार सुरू केली की पाना आवाजावरून रोग सांगतो, असं गिऱ्हाईक म्हणतं. गेली पाच वर्षं ते कानातल्या यंत्राच्या जिवावर चाललंय. दुकानातल्या गोंगाटानं डावा कान गेला, उजवा अर्धा उरलाय. केस लांब ठेवलेत ते काय नटायला? बायको आणि डॉक्टर सोडून कुणाला ठाऊक नाही.

आणखी एक. बोलू नकोस म्हणून धाकटीनं बजावलं होतं, तो शब्द मोडतो. रविवारी ती कायमची निघून जाते म्हणाली आणि तू पेपर वाचत राहिलास. तिला वाटतंय तुझं मन उडालं. नोकरी सोडायची तर सोड, पण हिला अंधारात ठेवू नकोस. ती तुझ्या पाठीमागे रडतेय आणि ते तुला ऐकू येत नाही.

शनिवारी येतो. डॉक्टरकडे दोघं जाऊ. तोवर राजीनामा खिशात ठेव. मेळाव्यात हे सांगायला आधी मी उठेन.

रागावलास तरी चालेल, घरी असावंस.

तुझा,
पाना

दि. १६ मार्च

प्रिय पाना,
स.न.वि.वि.

काल तू भर वर्गात केस मागे सारून यंत्र काढलंस आणि बशीत ठेवलंस, तेव्हा मला वाटलं, गेलं याचं बाजारातलं नाव. मग माझंही तिथंच ठेवलं. ढब्बूनं खिशातून तिसरं काढलं आणि मॉनिटरनं इकडंतिकडं बघत चौथं! आपली रडूबाई ओरडून ओरडून सांगत होती की मेल्यांनो, घाला ते परत, आणि चौघांपैकी एकालाही पत्ता नाही. नंतर ढब्बूचे विनोद नीट ऐकले. इतकी वर्षं मी हसत होतो तरी कशाला?

राजीनामा फाडला. साहेब म्हणाले की आधी बोलला असतात तर मी सावकाश सांगितलं असतं. गेले दोन महिने समोर बसवून, थांबत थांबत सांगतात. मी मनातल्या मनात किती मोठा राक्षस केला होता त्यांचा.

तुझ्या बहिणीला मी डॉक्टरकडून आलो त्याच दिवशी सांगितलं, ते तुला ठाऊक आहे. त्यानंतर ती तीन दिवस बोलली नाही, हे ठाऊक नसेल. परकेपणाचं दुःख तिनं तीन वर्षं उगाच गिळलं, तो राग होता. काल मी मेळाव्याहून आल्यावर जरा निवळली. आज सकाळी मी स्वयंपाकघरात पाट घेऊन बसलो आणि म्हटलं, पाठमोरी असताना जे जे बोललीस ते पुन्हा सांग. म्हणाली, एवढं कुठं लक्षात राहतं? मग पदर खोचून सुरू झाली. दुपारचे दोन वाजलेत, अजून पहिलंच वर्ष चाललंय. ती पाणी प्यायला थांबली, तेवढ्यात बाहेर येऊन हे चार शब्द.

पुरे करतो. आतून हाक आली.

तुझा,
सुसाट